पैसे गेले, स्क्रीन म्हणते 'रद्द' : दुकानाच्या ॲपमधील स्क्रीनची थप्पी

पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल, भिलवडी या पट्ट्यात द्राक्षाचा हंगाम लागला की बाजारात पैसा फिरू लागतो. बागवान बांधव बागा पाहतात, पेट्या भरतात, गाड्या रवाना करतात. त्यांच्या मागोमाग गॅरेजवाले, लेथ आणि वेल्डिंगवाले, अत्तार, मणियार, कापड-भांड्यांचे दुकानदार या सर्वांचा गल्ला हलतो. हा गल्ला पूर्वी लाकडी पेटीत असे. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची सुरुवात झाली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, ३० डिसेंबरला भीम ॲप आले आणि पाहता पाहता गल्ल्याचा मोठा भाग मोबाइलमध्ये गेला. आता त्यापुढची पायरी सुरू आहे. दुकानदार स्वतःचे ॲप करून घेऊ लागले आहेत. दराची यादी त्यात, ऑर्डर त्यात, उधारीचे खाते त्यात आणि पैसे भरण्याची सोयही त्यातच.

या ॲपविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ग्राहक ऑर्डर देतो, पैसे भरायला जातो, पिन टाकतो, खात्यातून रक्कम वजा होते. परत दुकानाच्या ॲपमध्ये येतो तर तेथे 'व्यवहार रद्द' असे लिहिलेले! बिचारा पुन्हा भरतो. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर एका ऑर्डरच्या दोन रकमा खात्यात दिसतात. कधी याच्या उलट घडते, रक्कम एक आणि ऑर्डरी दोन. विचारले तर ॲप करून देणारा सांगतो, "नेट स्लो होते" किंवा "बँकेचा सर्व्हर डाऊन होता". पुष्कळदा ते खरेही असते. परंतु सर्व खापर नेटवर फोडता येत नाही. ॲपमधील स्क्रीन एकावर एक कशा रचायच्या याच्या काही सूचना ॲप लिहिताना द्याव्या लागतात. त्या चुकल्या तर नेट उत्तम असूनही हा गोंधळ होतो. या सूचनांना लाँच मोड आणि टास्क फ्लॅग म्हणतात. विषय संगणकवाल्यांचा वाटेल, पण नुकसान आपले होते. म्हणून तो आपल्या भाषेत समजून घेऊ या. येथे आम्ही अँड्रॉइड फोनविषयी लिहीत आहोत, कारण आपल्या बहुतेक ग्राहकांच्या हाती तोच असतो. आयफोनची रचना वेगळी आहे.

गोदामातील थप्पी

गोदामात गोण्यांची थप्पी लावलेली सर्वांनी पाहिली आहे. शेवटी ठेवलेली गोणी सर्वांत वर असते आणि काढताना तीच आधी निघते. अँड्रॉइडमधील स्क्रीन अशाच रचल्या जातात. ॲपमधील प्रत्येक स्क्रीनला ॲक्टिव्हिटी म्हणतात. दराची यादी ही एक गोणी. त्यातील मालावर बोट ठेवले की मालाची माहिती सांगणारी दुसरी गोणी वर येते. मग ऑर्डरचा फॉर्म, मग 'पैसे भरा', मग पावती. ग्राहकाला फक्त वरची गोणी दिसते, खालच्या तशाच असतात. त्याने मागे जाण्याचे बटण दाबले की वरची गोणी निघून जाते आणि तिच्या खालची समोर येते. या संपूर्ण थप्पीला टास्क म्हणतात. फोनमध्ये एकाच वेळी अनेक थप्प्या असतात. चौकोनी बटण दाबल्यावर किंवा बोट खालून वर सरकवल्यावर अलीकडे वापरलेल्या ॲपची जी यादी दिसते, ती या थप्प्यांचीच यादी होय.

एवढे लक्षात आले की अर्धे काम झाले. पुढचा प्रश्न असा की, नवीन स्क्रीन उघडायची वेळ आली तर नवी गोणी आणायची, की जुनीच वापरायची? ठेवायची तर याच थप्पीवर, की दुसरीकडे नवी थप्पी लावायची? जुनी गोणी खाली दबलेली असेल तर तिच्या वरच्या गोण्यांचे काय करायचे? याचे उत्तर दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे ॲपच्या मॅनिफेस्ट नावाच्या मुख्य नोंदपत्रात. गोणीवर रंगाने खूण करावी तशी ही कायमची सूचना असते आणि तिला लाँच मोड म्हणतात. दुसरे म्हणजे प्रत्यक्ष स्क्रीन उघडताना. हमालाच्या हाती त्या वेळेपुरती चिठ्ठी द्यावी तशी ही सूचना असते. ती चिठ्ठी म्हणजे फ्लॅग. खूण एक सांगते आणि चिठ्ठी दुसरेच, असे झाले तर सामान्यतः चिठ्ठी पाळली जाते. दोघांनी मिळून ॲप केले असेल, एकाने खूण रंगवली आणि दुसऱ्याने तिची दखल न घेता चिठ्ठी दिली, तर काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पेटीच्या खुणा

काहीच खूण केली नाही तर स्क्रीन 'स्टँडर्ड' मानली जाते. म्हणजे मागणी आली की दर वेळी नवी गोणी, वर तीच गोणी आधीपासून असली तरीही. समजा, एका बागवान बांधवाच्या ॲपमध्ये ग्राहकाने ५० पेट्यांसाठी ऑर्डरचे बटण दाबले. फोन जुना, स्क्रीन उघडायला उशीर झाला, म्हणून त्याने पुन्हा दाबले. ऑर्डरच्या दोन स्क्रीन एकावर एक बसल्या. त्याने वरची भरून पाठवली. मागे आला तर तोच फॉर्म समोर! त्याला वाटले की ऑर्डर गेलीच नाही. पुन्हा भरली. इकडे १०० पेट्या निघाल्या. द्राक्ष हा थांबणारा माल नव्हे. जास्तीच्या ५० पेट्यांचे काय करायचे हे ज्याचे त्याने पाहावे लागते.

'सिंगल टॉप' ही खूण केली तर तीच स्क्रीन सर्वांत वर असताना दुसरी गोणी येत नाही. नवा निरोप त्याच स्क्रीनला दिला जातो. वरच्या प्रकारावर हा चांगला उपाय आहे. मात्र ती स्क्रीन वर नसून खाली दबलेली असेल तर नवी येतेच. शिवाय यात एक खाचखळगा आहे. नवा निरोप घेण्यासाठी ॲप लिहिणाऱ्याने वेगळी सोय करावी लागते, ती तो विसरतो. मग असे होते की दुकानदारासमोर पहिल्या ग्राहकाची ऑर्डर उघडी आहे, तेवढ्यात दुसऱ्या ग्राहकाची सूचना वाजते, दुकानदार ती दाबतो आणि स्क्रीनवर मात्र पहिलीच ऑर्डर दिसत राहते. घाईच्या वेळी एकाचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढायला एवढे पुरे.

तिसरी खूण 'सिंगल टास्क'. अशा खुणेची स्क्रीन एकदा उघडली की तिची दुसरी प्रत होत नाही. पुन्हा मागणी आली तर तिची थप्पी पुढे आणली जाते आणि तिच्या वर जे काही असेल ते सर्व फेकून दिले जाते. ऐकायला ही नीटनेटकी व्यवस्था वाटते. म्हणून अनेक जण ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर हीच खूण करून मोकळे होतात. आमच्या मते दुकानाच्या ॲपमध्ये सर्वाधिक त्रास याच सवयीने होतो. ग्राहक यादीतून ऑर्डरवर, ऑर्डरवरून पैसे भरण्याच्या स्क्रीनवर पोहोचला. बँकेने ओटीपी पाठवला. तो पाहण्यासाठी तो मेसेजमध्ये गेला. परत येताना त्याने घरच्या स्क्रीनवर जाऊन दुकानाच्या ॲपच्या चित्रावर बोट ठेवले. ते चित्र म्हणजे पहिल्या स्क्रीनची मागणी. पहिली स्क्रीन 'सिंगल टास्क', म्हणून वरची ऑर्डर आणि पैसे भरण्याची स्क्रीन दोन्ही गेल्या. ग्राहकासमोर दराची यादी! तोच ग्राहक अलीकडच्या ॲपच्या यादीतून परत आला असता तर सर्व जागच्या जागी मिळाले असते. म्हणूनच ही तक्रार कोणी सांगते आणि कोणी सांगत नाही. ॲप करणारा स्वतःच्या फोनवर यादीतूनच परत येतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तर बरोबर चालते." दोघेही खरे बोलत असतात.

'सिंगल इन्स्टन्स' ही खूण केलेली स्क्रीन तर थप्पीत एकटीच राहते. तिच्यावर दुसरे काही ठेवता येत नाही. तिच्यातून काही उघडले तर ते वेगळ्या थप्पीत जाते. येणारा कॉल किंवा गजर अशा कामांना ती ठीक आहे. दुकानाच्या ॲपमध्ये तिचे काम क्वचितच पडते. २०२१ साली अँड्रॉइड १२ बरोबर 'सिंगल इन्स्टन्स पर टास्क' हा पाचवा प्रकार आला, त्याचा येथे विशेष संबंध नाही. त्याच अँड्रॉइड १२ ने आणखी एक बदल केला. थप्पीतील सर्वांत खालच्या, म्हणजे ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर मागे जाण्याचे बटण दाबले तर पूर्वी ती स्क्रीन संपत असे, आता ती केवळ बाजूला सरते. 'ॲप बंद केले' असे म्हणून फोन नोकराच्या हाती देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हमालाच्या हातची चिठ्ठी

आता फ्लॅगकडे वळू. पावतीच्या स्क्रीनवर 'मुख्य पानावर जा' असे बटण असते. ते दाबल्यावर कोणतीही चिठ्ठी न देता मुख्य स्क्रीन उघडली तर पावतीच्या वर मुख्य स्क्रीनची आणखी एक गोणी चढते. ग्राहकाला वाटते की आपण सुरुवातीला आलो. प्रत्यक्षात खाली पावती, तिच्या खाली 'पैसे भरा' ही स्क्रीन तशीच उभी असते. त्याने मागे, पुन्हा मागे असे दाबले की भरलेल्या बिलाचे 'पैसे भरा' हे बटण पुन्हा समोर! वयस्कर ग्राहक हमखास दाबतात. यावर 'क्लिअर टॉप' हा फ्लॅग आहे. मुख्य स्क्रीन थप्पीत खाली असेल तर तिच्या वरचे सर्व काढून टाका, असे तो सांगतो. पण मुख्य स्क्रीन साधी 'स्टँडर्ड' असेल तर हा फ्लॅग तिलाही मोडून पुन्हा नव्याने उभी करतो. तिच्यात ग्राहकाने काही निवडून ठेवले असेल ते जाते. तसे नको असेल तर त्याच्या जोडीला 'सिंगल टॉप' फ्लॅग द्यावा लागतो.

दुकानातील एकच फोन मालक, मुनीम आणि काउंटरवरचा मुलगा असे तिघे वापरतात, ही आपल्याकडची रीत आहे. मालकाने उधारीचे खाते पाहिले, लॉग आऊट केले, फोन ठेवला. मुलाने मागे जाण्याचे बटण दाबले आणि कोणाकडे किती बाकी आहे ते त्याच्यापुढे उघडे पडले! लॉग आऊटच्या वेळी 'न्यू टास्क' आणि 'क्लिअर टास्क' हे दोन फ्लॅग एकत्र द्यायचे असतात. त्यामुळे जुनी थप्पी पूर्ण मोकळी होते आणि लॉग इनची एकटी स्क्रीन उरते. ग्राहकाची उधारी ही त्याची झाकलेली गोष्ट आहे, ती आपल्याकडे अमानत असते. तेव्हा हा मुद्दा किरकोळ समजू नये.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. दुकानाचे ॲप पैसे भरण्यासाठी ग्राहकाच्या फोनमधील यूपीआय ॲप उघडते. उघडताना ते दुकानाचा यूपीआय पत्ता, रक्कम आणि ऑर्डरचा क्रमांक सोबत देते आणि म्हणते, काम झाले की मला उत्तर दे. उत्तराची वाट पाहण्याचा हा प्रकार अँड्रॉइडमध्ये फार पूर्वीपासून आहे. त्याचा नियम असा की, उत्तर हवे असेल तर 'न्यू टास्क' हा फ्लॅग लावायचा नाही. कारण तो लावला की यूपीआय ॲप वेगळ्या थप्पीत उघडते, दोन थप्प्यांमधील धागा तुटतो आणि वाट पाहणाऱ्या ॲपला अँड्रॉइड त्याच क्षणी 'रद्द' असे उत्तर देऊन टाकते. अजून ग्राहकाने पिनचा पहिला आकडाही टाकलेला नसतो! तो निवांतपणे पिन टाकतो, पैसे जातात, परत येतो, तोवर दुकानाच्या ॲपने 'व्यवहार रद्द' हे केव्हाच लिहून ठेवलेले असते. बँक, नेट आणि ग्राहक सर्वांनी आपापले काम चोख केले. एका चिठ्ठीने घोटाळा केला.

'नो हिस्टरी' या सूचनेचीही अशीच गत आहे. पिन किंवा स्वागताची स्क्रीन पुन्हा दिसू नये म्हणून ती उपयोगी पडते, कारण ग्राहक पुढे गेला की ती स्क्रीन थप्पीत राहतच नाही. परंतु हौसेने ती पैसे भरण्याच्या स्क्रीनला लावली तर यूपीआय ॲपचे उत्तर घ्यायला तेथे कोणी उरत नाही. उत्तर येते आणि वाया जाते.

शिवाय स्वस्त फोनमध्ये मेमरी कमी असते. यूपीआय ॲप उघडताच मागचे दुकानाचे ॲप अँड्रॉइड बंद करून टाकते आणि ग्राहक परतल्यावर ते पुन्हा उभे करते. ऑर्डरचा क्रमांक आधी जपून ठेवला नसेल तर आलेले उत्तर कोणत्या ऑर्डरचे हे त्या ॲपला कळत नाही. आपल्या ग्राहकांत असे फोन वापरणारे थोडे नाहीत.

स्क्रीन हा पुरावा नव्हे

यातून निघणारी गोष्ट व्यापाऱ्याला पटायला जड जाऊ नये. मोड आणि फ्लॅग कितीही अचूक लावले तरी पैसे आले की नाही हे ग्राहकाच्या फोनवरील स्क्रीनवरून ठरवू नये. ती स्क्रीन चुकून 'रद्द' म्हणू शकते, तशीच ती बनावटही असू शकते. पैसे भरल्याची खोटी स्क्रीन दाखवून माल नेणारे भामटे ठिकठिकाणी सापडले आहेत. खरे काय ते बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या नोंदीत असते. चांगल्या ॲपमध्ये ही नोंद थेट दुकानाच्या सर्व्हरकडे येते आणि ऑर्डर 'पैसे मिळाले' या खान्यात तेव्हाच जाते. मध्यंतरी ग्राहकाला 'रद्द' न दाखवता 'तपासत आहोत, पुन्हा भरू नका' असे दाखवावे. प्रत्येक ऑर्डरला एकच क्रमांक असावा आणि त्या क्रमांकावर दुसरी रक्कम घेण्यास सर्व्हरनेच नकार द्यावा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. वाद झाला तर तो मागावा. स्क्रीनचा फोटो पुरेसा समजू नये.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाविषयी आपल्या बाजारात फारशी चर्चा होत नाही. त्यानुसार यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराकडे व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाल्यास ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई मिळते. काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या ग्राहकाला हे शांतपणे सांगता येते. परंतु वर सांगितलेल्या दुहेरी भरण्याला ही तरतूद उपयोगी नाही. तेथे दोन्ही व्यवहार बँकेच्या दृष्टीने यशस्वी असतात आणि दोन्ही रकमा आपल्या खात्यात आलेल्या असतात. परत करायचे ते आपणच. ग्राहकाला कळले नसेल तरीही ती रक्कम आपली नाही. हा बंद्याचा हक्क आहे, विक्रीची कमाई नव्हे. तेव्हा रोज रात्री ऑर्डरी आणि रकमा यांचा मेळ घालावा आणि जास्तीची रक्कम ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता परत पाठवावी.

कारागीर बांधवांच्या बाबतीत हे प्रकरण आणखी नाजूक होते. पलूसहून जवळच असलेल्या मिरजेत शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले आणि त्याला नावलौकिक मिळवून दिला. फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव त्या परंपरेत आदराने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. अशा वाद्याची ऑर्डर दूरदूरहून येते आणि बयाणा आधी भरावा लागतो. चुकून दोन तंबोऱ्यांची ऑर्डर नोंदली गेली तर भोपळा निवडण्यापासून लाकूड कापण्यापर्यंत काम सुरू होते आणि महिन्याभराने कळते की ग्राहकाला एकच हवा होता. पेटीतील द्राक्ष निदान दुसऱ्याला विकता येते. गिऱ्हाइकाच्या सुराप्रमाणे आणि पसंतीप्रमाणे केलेल्या वाद्याला दुसरे गिऱ्हाईक लगेच मिळेलच असे नाही.

दुसऱ्याच्या थप्पीवर आपली गोणी

थप्पीच्या या व्यवस्थेचा चोरांनीही उपयोग केला आहे. प्रत्येक थप्पीला नाव असते, त्याला टास्क ॲफिनिटी म्हणतात. वेगळे काही सांगितले नाही तर ॲपचे स्वतःचे तांत्रिक नावच थप्पीला मिळते आणि ते नाव कोणालाही सहज पाहता येते. जुन्या अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या एखाद्या ॲपने तेच नाव सांगितले तर त्याची स्क्रीन आपल्या थप्पीवर येऊन बसू शकते. ग्राहक बँकेचे ॲप उघडतो, समोर हुबेहूब बँकेसारखी स्क्रीन येते, तो पासवर्ड टाकतो आणि तो जातो चोराकडे. २०१५ साली अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हा धोका सविस्तर मांडला होता. डिसेंबर २०१९ मध्ये नॉर्वेच्या प्रोमॉन कंपनीने प्रत्यक्ष लुबाडणूक करणारी अशी ॲप सापडल्याचे जाहीर केले आणि या युक्तीला स्ट्रँडहॉग हे नाव दिले. किनाऱ्यावर अचानक उतरून लूट करण्याच्या व्हायकिंग लोकांच्या पद्धतीला हा शब्द होता. मे २०२० मध्ये याची अधिक घातक आवृत्ती उघड झाली. ती अँड्रॉइड ९ आणि त्याआधीच्या फोनवर चालत होती. गुगलने अँड्रॉइड ८.०, ८.१ आणि ९ साठी दुरुस्ती दिली. त्याहून जुने फोन राहिले ते राहिलेच.

ॲप करणाऱ्याने थप्पीचे नाव कोरे ठेवले तर पहिल्या युक्तीचा मार्ग बराचसा बंद होतो. हे एका ओळीचे काम आहे. आपल्या बाजूने एवढेच करावे की, ज्या फोनवर गल्ला आहे तो फार जुना नसावा, त्याचे अपडेट थांबवू नयेत आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून आलेली एपीके फाइल त्यावर कदापि उघडू नये. असली चोरटी ॲप याच वाटेने फोनमध्ये शिरतात.

ॲप करून घेताना

ॲप करून घेणे हा एक प्रकारे इस्तिस्नाअचा, म्हणजे वस्तू घडवून घेण्याचा सौदा आहे. सुताराला कपाट सांगताना लांबी, रुंदी, लाकूड, कडी-कोयंडा सर्व ठरवतो, मग येथे "चांगले ॲप करून द्या" एवढ्यावर का भागवावे? कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. ॲपच्या सौद्यातही काम सुरू होण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर घ्याव्यात. पैसे भरून झाल्यावर मागे जाण्याचे बटण दाबले तर ग्राहक कोठे पोहोचेल? सूचना दाबून थेट ऑर्डर उघडली आणि मग मागे दाबले तर तो ऑर्डरींच्या यादीत जाईल, की ॲपच्या बाहेर फेकला जाईल? लॉग आऊटनंतर मागे काही उरेल का? पैसे भरण्याच्या मध्येच ॲपच्या चित्रावरून परत आले तर काय दिसेल? यातील एकाही प्रश्नासाठी आपल्याला मोड आणि फ्लॅगची नावे पाठ असण्याची गरज नाही. उत्तर देणाऱ्याला मात्र ती ठाऊक असावी लागतात, आणि उत्तर देताना तो अडखळला तर पुढचे आपण समजून घ्यावे. आपल्या समाजातील जी मुले आयटीआय, डिप्लोमा किंवा अभियांत्रिकी करून ॲप लिहायला शिकत आहेत, त्यांनीही स्क्रीन सुंदर करण्याच्या नादात हा भाग वगळू नये. दुकानदार पैसे मोजतो ते यासाठी.

ॲप हाती आल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी काउंटरवर बसून एक रुपयाची ऑर्डर द्यावी. बटण मुद्दाम दोनदा दाबावे. पैसे भरायला गेल्यावर मध्येच मेसेज उघडावा आणि एकदा चित्रावरून, एकदा अलीकडच्या ॲपच्या यादीतून परत यावे. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर असताना फोन आडवा करून पाहावा, कारण आडवा केला की ती स्क्रीन सामान्यतः मोडून पुन्हा उभारली जाते. यूपीआय ॲपमध्ये पिन न टाकता मागे यावे, तेव्हा 'रद्द' दिसणे बरोबर आहे. पिन टाकून परत आल्यावर तसे दिसले तर ॲप परत पाठवावे. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' अशी एक कळ असते. ती चालू केली की नजरेआड गेलेली प्रत्येक स्क्रीन अँड्रॉइड लगेच मोडून टाकते, म्हणजे कमी मेमरीच्या फोनवर जे कधीतरी घडते ते आपल्या फोनवर दर वेळी घडते. ती चालू ठेवून हीच एक रुपयाची ऑर्डर पुन्हा द्यावी, ऑर्डरचा क्रमांक टिकतो का ते पाहावे आणि काम झाल्यावर कळ आठवणीने बंद करावी. नाहीतर फोनमधील बाकीची ॲपही अडखळत चालतील आणि त्याचा दोष विनाकारण दुकानाच्या ॲपवर येईल.